बर्बन व राय व्हिस्की : पारख आणि खरेदी

ज्या पदार्थाच्या बाबतीत चव, इतिहास, कायदा आणि बाजारभाव ही चारही अंगे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की त्यांपैकी एकाकडे पाठ फिरविली तर उरलेल्या तिन्हींचा उलगडा होत नाही, असे पदार्थ जगात थोडेच आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निपजणारी बर्बन आणि इतिहासाने तिच्याहून जुनी असलेली राय व्हिस्की ही त्यांपैकी ठळक उदाहरणे होत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या दोन मद्यांच्या दर्दी मंडळींची संख्या एवढी वाढली, की एके काळी दुकानाच्या खालच्या फळीवर धूळ खात पडणाऱ्या बाटल्यांसाठी आज लोक पहाटेपासून रांगा लावतात, सरकारी सोडतींत नावे नोंदवितात आणि छापील किमतीच्या दहापट रक्कम मोजावयास तयार होतात. या धामधुमीत मूळ प्रश्न मात्र मागे पडतो. ही मद्ये समजून घ्यावीत कशी, आणि विकत घ्यावीत कोणत्या कसोटीवर? माझे मत आरंभीच सांगतो : बाटलीवरील मजकूर अक्षरशः वाचता येणे आणि नेहमी मिळणाऱ्या साध्या बाटल्यांवर आपली जीभ घडविणे, या दोन गोष्टींइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही, आणि दुर्मिळतेलाच गुण समजण्याची जी प्रवृत्ती बोकाळली आहे, तिने या छंदाचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही भेसळखोराने अलीकडे केलेले नाही.

प्रथम कायद्याची मांडणी पाहू, कारण येथे व्याख्याच चवीला जन्म देते. बर्बन म्हणविणारी व्हिस्की संयुक्त संस्थानांत तयार झालेली असावी लागते. केंटकीतच ती व्हावी असे बंधन नाही, जरी बहुतांश बर्बन त्याच राज्यात निघते. तिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका असावा लागतो. रायमध्ये तेच प्रमाण राय नावाच्या, गव्हाच्या कुळातील पण थंड व हलक्या जमिनीत तग धरणाऱ्या धान्याचे असावे लागते. ऊर्ध्वपातन ८० टक्के मद्यार्कापलीकडे नेता येत नाही, पिंपात भरताना ते प्रमाण ६२.५ टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही, आणि बाटलीत ते ४० टक्क्यांखाली आणता येत नाही. पिंप ओकच्या लाकडाचे, आतून जाळून कोळसविलेले आणि कोरे असावे लागते. बर्बनमध्ये, तसेच ‘स्ट्रेट’ म्हणविणाऱ्या रायमध्ये, रंग अथवा स्वाद वरून मिसळता येत नाही. ‘स्ट्रेट’ या शब्दासाठी किमान दोन वर्षे पिंपात राहणे आवश्यक असून, चार वर्षांहून कमी वयाच्या मालावर वय छापणे बंधनकारक आहे. आणि छापलेले वय नेहमी मिश्रणातील सर्वांत कोवळ्या पिंपाचे असते. या कलमांत अपव्ययाची वाटावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे प्रत्येक वेळी नवे पिंप; परंतु बर्बनचा लालसर रंग, व्हॅनिलाचा गंध आणि जळक्या साखरेची गोडी त्या कोऱ्या, कोळसलेल्या लाकडातूनच येते, आणि वापरून झालेली पिंपे पुढे स्कॉटलंडात जाऊन तेथील व्हिस्कीच्या कामी येतात.

हे कायदे कोणा सोवळ्या अधिकाऱ्याच्या लहरीतून निघालेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत व्हिस्की म्हणून जे विकले जाई, त्यातील फार मोठा भाग म्हणजे निव्वळ शुद्ध मद्यार्कात रंग, आलुबुखाऱ्याचा रस, तंबाखूचा अर्क आणि त्याहूनही घातक द्रव्ये घालून बनविलेला बनावट माल असे. पिंपांतून दुकानी ओतून विकण्याची चाल असल्याने ग्राहकास पत्ता लागण्याचा संभवच नव्हता. औषधांच्या व्यापारात वावरलेल्या जॉर्ज गार्विन ब्राउन या लुइव्हिलच्या गृहस्थाने १८७० मध्ये ‘ओल्ड फॉरेस्टर’ ही बर्बन केवळ मोहोरबंद बाटलीतूनच विकण्याचा निर्णय घेतला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. पुढे कर्नल एडमंड टेलर या केंटकीच्या भट्टीवाल्याने कोषमंत्री जॉन कार्लाइल यांच्या साहाय्याने नेट लावला आणि १८९७ चा ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा संमत झाला. त्या अन्वये अशा बाटलीतील व्हिस्की एकाच भट्टीची, एकाच हंगामातील, किमान चार वर्षे सरकारी देखरेखीच्या वखारीत ठेवलेली आणि ५० टक्के, म्हणजे अमेरिकी परिभाषेत १०० प्रूफ, असलीच पाहिजे. वखारीला कुलूप सरकारी, दप्तर सरकारी, आणि त्याबदल्यात भट्टीवाल्याला अबकारी भरण्यास मुदत. महसूल आणि ग्राहकहित यांचा इतका नेमका मेळ क्वचितच साधला असेल. १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषध कायदा आला, पण ‘व्हिस्की म्हणजे काय’ हा वाद मिटेना. अखेर राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी डिसेंबर १९०९ मध्ये स्वतः निवाडा देऊन निखळ व्हिस्की आणि मिश्र व्हिस्की यांचा भेद लेबलावर सांगितलाच पाहिजे असे ठरविले. बर्बन ही ‘संयुक्त संस्थानांची वैशिष्ट्यपूर्ण निर्मिती’ होय, हा काँग्रेसचा ठराव त्यानंतर बऱ्याच काळाने, १९६४ मध्ये झाला.

म्हणून मी नवशिक्याला म्हणेन, की सातबारा वाचल्यावाचून जमिनीचा इसारा देऊ नये, तद्वत लेबलाची मागची बाजू वाचल्यावाचून बाटलीचे पैसे देऊ नयेत. एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. रिटनहाउस ही राय व्हिस्की ‘बॉटल्ड इन बाँड’ असल्याने ती कोणत्या भट्टीत निघाली त्या भट्टीचा सरकारी क्रमांक तिच्यावर छापणे भाग असते. आजच्या बाटलीवर तो क्रमांक ‘डीएसपी-केवाय-१’ असा दिसतो. ही लुइव्हिलमधील बर्नहाइम भट्टी, जी हेवन हिल या कौटुंबिक मालकीच्या कंपनीने १९९९ मध्ये घेतली. परंतु तीच रिटनहाउस, तेच लेबल, तीच मोहोर, आणि क्रमांक मात्र ३५४, अशाही जुन्या बाटल्या संग्राहकांजवळ सापडतात. कारण असे, की नोव्हेंबर १९९६ मध्ये बार्ड्सटाउन येथील हेवन हिलच्या वखारींना आग लागली, वाऱ्याने ती पसरली, जळती व्हिस्की उतारावरून वाहत गेली, सुमारे ९०,००० पिंपे आणि खुद्द भट्टी नष्ट झाली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे या कंपनीची राय दुसऱ्या एका कंपनीच्या, ३५४ क्रमांकाच्या भट्टीत करारावर काढली जात होती. एवढा सारा वृत्तान्त बाटलीवरील एका बारीक अंकात दडलेला असतो, आणि त्यासाठी ग्राहकाला जादा कवडीही पडत नाही.

नाव आणि माल यांची फारकत हा तर या व्यवसायाचा स्थायीभाव आहे. व्यापारी नावे येथे जहागिरीसारखी एका घराकडून दुसऱ्या घराकडे जातात. ‘वेलर’ हे नाव पूर्वी लुइव्हिलजवळच्या स्टिट्झेल-वेलर भट्टीचे होते. ती भट्टी १९३५ मध्ये डर्बी शर्यतीच्या दिवशी उघडली, १९७२ मध्ये व्हॅन विंकल घराण्याच्या हातून गेली आणि १९९२ मध्ये थंडावली. आज वेलर बर्बन फ्रँकफर्ट गावच्या बफेलो ट्रेस भट्टीत निघते. ‘ओल्ड ग्रँड-डॅड’, ‘ओल्ड क्रो’ आणि पेनसिल्व्हेनियात उगम पावलेली ‘ओल्ड ओव्हरहोल्ट’ ही नावे १९८७ मध्ये नॅशनल डिस्टिलर्स या कंपनीकडून जिम बीमकडे गेली. तेव्हा जुन्या बाटलीची तारीफ ऐकून त्याच नावाची नवी बाटली घेणाऱ्याने आपण नेमके काय घेत आहोत, हे ध्यानी धरावे. पुराण्या बाटल्यांचा शोध घेणारे काही दर्दी आहेत. त्यांना झाकणावरून चिकटविलेली अबकारी पट्टी उपयोगी पडते, कारण बाँडमधील मालास हिरवी आणि इतरांस तांबडी पट्टी असे आणि १९८५ मध्ये ती पद्धत बंद झाली. पट्टी दिसली की बाटली त्याआधीची, असा ढोबळ निष्कर्ष निघतो.

आता धान्याकडे वळू. व्यवसायात ज्याला ‘मॅश बिल’ म्हणतात ते धान्यमिश्रणाचे प्रमाण हा पारखीचा पहिला धडा होय. मका गोडी आणि भरीवपणा देतो. मोड आणलेले जव पिष्टाचे शर्करेत रूपांतर घडविण्यास लागते. आणि तिसरे धान्य चवीचा कल ठरविते. हे तिसरे धान्य बहुधा राय असते, आणि मग लवंग, मिरी, शहाजिरे यांची आठवण देणारा तिखटपणा येतो. वाइल्ड टर्कीत ते सुमारे १३ टक्के, ओल्ड ग्रँड-डॅडमध्ये सुमारे २७ टक्के, तर फोर रोझेसच्या दोन मिश्रणांपैकी एकात ३५ टक्क्यांपर्यंत जाते. आणि फोर रोझेस ही भट्टी आपली दोन मिश्रणे पाच प्रकारच्या यीस्टांनी आंबवून दहा निरनिराळ्या व्हिस्की सिद्ध करते, त्यामुळे यीस्टचा प्रभाव स्वतंत्रपणे अभ्यासू इच्छिणाऱ्यास तिच्या एकेका पिंपाच्या बाटल्यांसारखी पाठशाळा नाही. रायऐवजी गहू घातला तर तिखटपणा ओसरून मऊपणा येतो; बिल सॅम्युएल्स यांनी १९५० च्या दशकात लोरेटो येथे सुरू केलेली मेकर्स मार्क ही त्या पंथाची सर्वांत सुलभ प्रतिनिधी, तिच्यात १६ टक्के गहू. आदल्या आंबवणाचे आंबट पाणी पुढच्या आंबवणात मिसळण्याची ‘सावर मॅश’ रीत, जी जेम्स क्रो या स्कॉटिश वैद्याने १८३० च्या दशकात शास्त्रीय शिस्तीत आणली, ती आज जवळजवळ सर्वच मोठ्या भट्ट्या पाळतात. त्यामुळे लेबलावर तो शब्द मोठ्या अक्षरांत दिसला तर त्याने भारावून जाण्याचे कारण नाही.

रायची कथा निराळी आणि अधिक हृद्य आहे. प्रजासत्ताकाच्या आरंभी अमेरिकी व्हिस्की म्हणजे प्रामुख्याने रायच, आणि तिचे माहेर पेनसिल्व्हेनिया व मेरीलँड. अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये मद्यावर अबकारी बसविली तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांनी बंड पुकारले, कारण डोंगरापलीकडे धान्य वाहून नेणे परवडत नसल्याने त्याची व्हिस्की करणे हाच त्यांचा रोकडीचा मार्ग होता. ते बंड मोडण्यास १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे १३,००० सैन्यासह निघाले. त्याच वॉशिंग्टननी निवृत्तीनंतर माउंट व्हर्नन येथे भट्टी घातली, आणि १७९९ साली तीतून ११,००० गॅलनच्या आसपास व्हिस्की निघाली. तिचे मिश्रण ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के जव असे नोंदलेले आहे. व्यवस्थापक जेम्स अँडरसन नावाचा स्कॉट होता, परंतु भट्टीपुढे राबत होते ते सहा गुलाम. हे सांगितल्यावाचून त्या मद्याचा गौरव करणे मला प्रशस्त वाटत नाही. टेनेसीतही जॅक डॅनियलला भट्टीचे कसब शिकविणारा नियरेस्ट ग्रीन हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस होता, आणि त्याचे नाव डॅनियलच्या कंपनीच्या अधिकृत इतिहासात उघडपणे येण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

१९२० ते १९३३ च्या दारूबंदीने रायचे कंबरडे मोडले. त्या काळात औषधी व्हिस्की विकण्याचा परवाना केवळ सहा कंपन्यांस होता, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर दर दहा दिवसांस एक पिंट एवढीच मात्रा मिळे. बंदी उठली तेव्हा पेनसिल्व्हेनिया-मेरीलँडच्या भट्ट्या हळूहळू मालवत गेल्या, त्यांची नावे केंटकीने घेतली, आणि राय ही केंटकीतील मोठ्या भट्ट्या वर्षातून मोजके दिवस काढीत अशी एक अडगळीतील वस्तू उरली. एकविसाव्या शतकात जुन्या धाटणीची मिश्र पेये पुन्हा लोकप्रिय झाली, मॅनहॅटन आणि न्यू ऑर्लिन्सचे सॅझरॅक यांना खरी राय हवी असल्याचे मद्यगृहांच्या ध्यानी आले, आणि मागणी उसळली. केंटकीची राय बहुधा कायद्याच्या किमान मर्यादेलगत, ५१ टक्क्यांच्या आसपास राय धान्य ठेवते आणि म्हणून बर्बनच्या चवीला जवळची असते. तर इंडियानातील लॉरेन्सबर्गच्या, पूर्वी सीग्रॅम कंपनीच्या असलेल्या प्रचंड भट्टीची राय ९५ टक्के राय धान्याची, आणि तिच्यात हिरव्या शेपूचा व पुदिन्याचा जो स्पष्ट गंध येतो, तो एकदा ओळखला की विसरत नाही.

ही इंडियानाची भट्टी दीर्घकाळ इतरांना माल पुरवीत आली, आणि तेथूनच या छंदातील सर्वांत कटु वादाची सुरुवात झाली. स्वतःची भट्टी नसताना दुसऱ्याची व्हिस्की घेऊन, आजोबा-पणजोबांच्या कथा रचून, गावठी पाककृतीचा आव आणून ती विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ निघाल्या. आयोवातील ‘टेंपलटन राय’ विरुद्ध याच मुद्द्यावर दावे झाले आणि २०१५ मध्ये तडजोड झाली. माल विकत घेऊन विकण्यात स्वतः काही गैर नाही. उत्तम पिंप निवडणे आणि त्यांचे मिश्रण साधणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि इंडियानाची राय उत्कृष्ट असते. गैर आहे ते लपविणे. सुदैवाने कायद्याने येथेही ग्राहकाच्या हाती एक साधन दिले आहे : व्हिस्की ज्या राज्यात ऊर्ध्वपातित झाली ते राज्य लेबलावरील पत्त्याच्या राज्याहून वेगळे असेल तर ते सांगावे लागते. ‘डिस्टिल्ड बाय’ हे शब्द आहेत, की नुसतेच ‘प्रोड्यूस्ड बाय’ वा ‘बॉटल्ड बाय’ आहे, हे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. जेथे कथा लांब आणि भट्टीचे नाव गायब, तेथे संशयाला जागा आहे.

वयाबद्दलचा गैरसमज दूर केल्यावाचून खरेदीची चर्चा पुढे नेणे इष्ट नाही. आपल्याकडील बहुतेकांची समजूत स्कॉचवर पोसलेली असते, आणि तेथे अठरा वर्षे ही बाराहून सामान्यतः भारी समजली जातात. बर्बनला तो हिशेब लागू पडत नाही. कोऱ्या कोळसलेल्या पिंपाचा आणि केंटकीच्या तीव्र उन्हाळ्या-हिवाळ्याचा संयोग असा, की उन्हाळ्यात मद्य लाकडात शिरते, हिवाळ्यात परत येते, आणि प्रत्येक फेरीत लाकडाचा अर्क घेऊन येते. बहुमजली वखारीच्या वरच्या मजल्यावर उष्णता एवढी असते की मद्यार्कापेक्षा पाणीच लवकर उडून जाते आणि पिंपातील तीव्रता वर्षागणिक वाढते. तळमजल्यावर गारव्यात तीच प्रक्रिया मंद चालते. दरवर्षी काही टक्के माल हवेत जातो; ५३ गॅलनच्या पिंपात वीस वर्षांनी निम्म्याहूनही कमी उरला तर नवल नाही. माझ्या मते बहुसंख्य बर्बन सहा ते बारा वर्षांत आपल्या ऐन भरात असतात. त्यापुढे ओकचा कडवटपणा इतर सर्वांवर कुरघोडी करू लागतो, आणि तेवीस वर्षांच्या बाटलीत पुष्कळदा लाकूडच बोलते. एकाच भट्टीतील एकाच दिवशीची दोन पिंपे केवळ मजला निराळा म्हणून निराळी निघतात, यास्तव एकेका पिंपाची बाटली स्वतंत्रपणे विकण्याची कल्पना रुजली, आणि भट्टीप्रमुख एल्मर टी. ली यांनी १९८४ मध्ये ‘ब्लँटन्स’ काढून तिला प्रतिष्ठा दिली.

ते १९८४ साल या धंद्याच्या पडत्या काळातले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९७० च्या दशकापासून अमेरिकी तरुण व्होडकाकडे वळला होता, वखारी न खपलेल्या पिंपांनी तुंबल्या होत्या, आणि ब्लँटन्ससारख्या बाटल्यांना खरा आश्रय दिला तो जपानने. फोर रोझेसची निखळ बर्बन तर कित्येक दशके अमेरिकेत मिळतच नसे. २००२ मध्ये किरिन या जपानी कंपनीने ती भट्टी घेतल्यावर ती स्वदेशी परतली. म्हणजे आज ज्या काळाचा ‘सुवर्णयुग’ म्हणून उल्लेख होतो, त्या काळातील जुनी आणि स्वस्त बर्बन ही मंदीची देणगी होती. मंदी गेली, जुना साठा संपला, मागणी मात्र वाढत राहिली. आणि पॅपी व्हॅन विंकलसारखी, काही शे डॉलर शिफारस किमतीची बाटली खाजगी व्यवहारात हजारो डॉलरांना जाऊ लागली. अशा खाजगी विक्रीला बहुतेक राज्यांत कायद्याची मान्यता नाही. केंटकीने मात्र २०१८ पासून परवानाधारक दुकानदारांना व्यक्तींकडून जुन्या बाटल्या विकत घेऊन विकण्याची मुभा दिली. जेथे मुभा नाही तेथे फसवणुकीस वाव आहे : रिकाम्या नामांकित बाटल्या विकल्या जातात, त्यांत साधी व्हिस्की भरून पुन्हा मोहोर लावली जाते, आणि तक्रार करावी कोणाकडे हा प्रश्न उरतो.

या व्यवहारापासून मी कटाक्षाने दूर राहण्याचा सल्ला देतो, आणि तो काटकसरीपेक्षा चवीच्या कारणास्तव. ज्या बाटलीसाठी माणसाने महिनाभराचे उत्पन्न दिले, ती बाटली तो मोकळ्या मनाने चाखू शकत नाही. बहुधा तो ती उघडतच नाही. उलट एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलाची ‘बॉटल्ड इन बाँड’, वाइल्ड टर्की १०१, ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड, रिटनहाउस राय या बाटल्या अमेरिकेत सहज आणि माफक दरात मिळतात, सगळ्या ५० टक्के वा किंचित अधिक तीव्रतेच्या आहेत, आणि त्यांचे धान्यप्रमाण परस्परांहून पुरेसे भिन्न आहे. त्यांत मेकर्स मार्क घातली की गव्हाचा पक्षही मांडला जातो. पाच पेल्यांत थोडी-थोडी ओतून, कोणती कोठे आहे हे दुसऱ्याकडून लपवून घेऊन, आधी नुसता वास घ्यावा. मेकर्स मार्कमध्ये कणकेचा गोडवा आणि व्हॅनिला; ओल्ड ग्रँड-डॅडमध्ये मसाल्याच्या आड बीमच्या भट्टीची खूण म्हणता येईल असा भाजलेल्या शेंगदाण्याचा वास; वाइल्ड टर्कीत खोल कोळसविलेल्या पिंपाची जळक्या साखरेची धग; रिटनहाउसमध्ये संत्र्याची साल आणि मिरी. नंतर लहान घोट जिभेवर फिरवून गिळावा, घशात रेंगाळणारी चव किती वेळ टिकते ते पाहावे, मग पाण्याचे दोन-चार थेंब घालून पुन्हा तेच करावे. तीव्र मद्याचा हा फायदा, की पाणी घालण्याचा अधिकार पिणाऱ्याकडे राहतो. ४० टक्क्यांच्या बाटलीत तो अधिकार कंपनीने आधीच बजावलेला असतो. एका बैठकीत एवढे घोट पुरे. त्यापुढे जीभ बधिर होते आणि शिक्षण थांबते.

या पायावर पुढची खरेदी कोणत्या दिशेला न्यावी हे ज्याचे त्याला कळते. एखाद्या दुकानदाराने भट्टीत जाऊन स्वतः निवडून आणलेले एकेक पिंप ही माझ्या मते आजच्या बाजारातील सर्वांत प्रामाणिक सौद्यांपैकी एक. पण त्यासाठी दुकानदाराची जीभ आपल्या जिभेशी जुळते की नाही हे आधी अजमावावे. दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेत उत्पादक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार यांना एकमेकांपासून अलग ठेवण्यात आले. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, व्हर्जिनिया अशा राज्यांत तर विक्रीची सूत्रेच राज्य सरकारच्या हाती आहेत. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील ज्यांना हा शौक आहे त्यांनी आपले राज्य कोणत्या वर्गात मोडते ते पाहावे; सरकारी दुकानात किंमत ठरलेली असते आणि दुर्मिळ माल सोडतीने मिळतो, खाजगी दुकानांच्या राज्यात मात्र दुकानदाराशी जुळलेला दीर्घ परिचय अधिक कामास येतो.

महाराष्ट्रातील वाचकाची स्थिती तितकी अनुकूल नाही, तरी ती पूर्वीहून सुधारली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने आयात व्हिस्कीवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरील आयात कर १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर उतरविला. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत जिम बीम, मेकर्स मार्क, वुडफर्ड रिझर्व्ह आढळतात. राय मात्र विरळाच. परदेशाहून परतणाऱ्या प्रवाशास दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, आणि त्या दोन लिटरांत विमानतळावर शोभिवंत पेटीत विकली जाणारी बर्बन भरण्यापेक्षा, शहरातल्या दुकानातून घेतलेली एक रिटनहाउस व एक ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड सामानात नीट गुंडाळून आणणे कितीतरी शहाणपणाचे. राज्यात तीव्र मद्यासाठी वयोमर्यादा पंचवीस वर्षांची असून १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील परवान्याची तरतूद अद्याप अस्तित्वात आहे, याचीही नोंद असावी.

अलीकडे केंटकीच्या वखारींत पिंपांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे, म्हणजे त्या राज्याच्या लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक, आणि खप मात्र त्या वेगाने वाढत नाही. कित्येक कंपन्यांनी उत्पादन आवरते घेतले आहे, खाजगी बाजारातील भावही पूर्वीच्या शिखरावरून उतरले आहेत. ज्याला जुनी आणि चांगली बर्बन हवी आहे पण सट्टा नको आहे, त्याने आणखी काही वर्षे घाई करू नये. घेतलेली बाटली उभी ठेवावी, कारण तीव्र मद्य बुचाला खाऊन टाकते. उन्हापासून दूर ठेवावी. आणि अर्ध्याहून खाली गेली की तिच्यातील हवेने चव फिकी पडण्यापूर्वी उरलेला माल लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावा, अथवा मित्रांना बोलावून संपवावा.